नवोदित नेमबाजाची पहिली रायफल : निवड, नियम आणि रामटेकचे रान

रामटेकच्या गडावरून उत्तरेकडे नजर टाकली, की सातपुड्याच्या पायथ्याशी पसरलेले सागवानी रान दिसू लागते. देवलापार, पवनी, चोरबाहुली, सिल्लारी ही गावे मागे टाकत हे रान पेंच व्याघ्र प्रकल्पाला जाऊन मिळते. संध्याकाळी पाणवठ्यावर उतरणारे चितळांचे कळप, माळावर उभा राहून कानोसा घेणारा सांबर, झुडपाआडून भुंकणारे भेकर ही या भागातील नित्याची दृश्ये. या गावांत जुन्या शिकारीच्या कथाही तितक्याच नित्याच्या. आजोबांच्या बंदुकीच्या गोष्टी ऐकत वाढलेला मुलगा बारा-चौदा वर्षांचा झाला, की एके दिवशी विचारतो, ‘मला बंदूक कधी घेऊन देणार?’

प्रश्न साधा वाटला तरी त्याचे उत्तर साधे नाही. नेमबाजी हा आज महाराष्ट्राला ऑलिम्पिक पदक मिळवून देणारा खेळ आहे आणि त्यासाठी मुलाच्या हाती योग्य वयात योग्य रायफल पडणे आवश्यक आहे. मात्र तीच रायफल घेऊन मुलगा रानाच्या वाटेला लागला, तर तो खेळाडू न राहता वन्यजीव गुन्ह्यातील आरोपी ठरतो. त्यामुळे पहिली रायफल निवडताना ती मुलाच्या अंगाला बसते की नाही आणि कायद्यात बसते की नाही, या दोन्ही कसोट्या एकाच वेळी लावाव्या लागतात.

शिकारीचा काळ आणि त्याची अखेर

मध्य भारतातील जंगले हा ब्रिटिश अमदानीत शिकाऱ्यांचा स्वर्ग मानला जाई. कॅप्टन जेम्स फॉरसिथ यांचे १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेले मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील पुस्तक आणि रॉबर्ट स्टर्नडेल यांचे १८७७ मधील सिवनीच्या छावणी जीवनावरील पुस्तक या काळाची साक्ष देतात. सिवनी म्हणजे पेंचच्या पलीकडचा, आजच्या मध्य प्रदेशातील जिल्हा. जंगलांचे ‘शिकार ब्लॉक’ पाडून, शुल्क आकारून परवाने देण्याची पद्धत तेव्हा रूढ झाली. स्वातंत्र्यानंतरही काही काळ ती सुरू राहिली.

त्या काळात हरणासाठी कोणती रायफल घ्यावी, यावर शिकाऱ्यांमध्ये रात्र रात्र चर्चा रंगत. .३०३ हे लष्करी काडतूस सामान्य नागरिकांसाठी निषिद्ध असल्याने .३१५ बोअरची रायफल भारतात लोकप्रिय झाली. पश्चिम बंगालमधील इशापूरच्या सरकारी कारखान्यात ती पुढेही तयार होत राहिली. जुन्या परवानाधारकांच्या घरी आजही आढळणारी रायफल बहुधा याच बोअरची असते.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये अस्तित्वात आला आणि हा अध्याय संपला. पेंचचे रान १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९९ मध्ये महाराष्ट्रातील पेंचला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. देवलापार परिसरातील मानसिंगदेव अभयारण्य २०१० मध्ये घोषित झाले. ज्या वाटांवरून शिकाऱ्यांच्या बैलगाड्या जात, त्याच वाटांवरून आता पर्यटकांच्या जिप्सी धावतात.

हा बदल केवळ कायद्याच्या कागदावर झाला नाही. हातात बंदूक घेऊन रानात गेलेली माणसेही बदलली. व्यंकटेश माडगूळकरांसारखा एके काळी शिकारीत रमलेला लेखक पुढे नागझिऱ्याच्या रानात वही आणि दुर्बीण घेऊन बसला. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून विदर्भाच्या जंगलांत उभे आयुष्य काढले आणि मराठी वाचकाला रानाची भाषा शिकवली. जिम कॉर्बेट यांची लहानपणची पहिली बंदूक जुनी, ठासणीची, एक नळी तडकलेली आणि दस्ता तारेने बांधलेला अशी होती. उत्तरायुष्यात त्यांनीही कॅमेऱ्याला अधिक जवळ केले.

वन्यजीव कायदा काय सांगतो?

भारतात छंद किंवा खेळ म्हणून हरणाची शिकार करण्याचा परवाना कोणालाही मिळत नाही. कायद्याच्या कलम ९ नुसार संरक्षित वन्यप्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. दरवर्षी शिंगे गळणारे चितळ, सांबर व भेकर आणि कायमची शिंगे असणारे काळवीट, चिंकारा व चौसिंगा या सर्वांना हे संरक्षण लागू आहे.

‘शिकार’ या शब्दाची व्याख्याही व्यापक आहे. प्राण्याला ठार मारणे एवढाच तिचा अर्थ नसून पकडणे, फासे लावणे, विष घालणे, आमिष दाखवणे, हाकारा करणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे शिकारीतच मोडते. नेम चुकला म्हणून गुन्हा टळत नाही. छऱ्याच्या बंदुकीने मोर, तितर किंवा ससा टिपणे हाही गुन्हाच होय.

अशा गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. प्राणी पहिल्या अनुसूचीतील असेल किंवा शिकार अभयारण्यात अथवा राष्ट्रीय उद्यानात झाली असेल, तर किमान तीन व कमाल सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. गुन्ह्यात वापरलेले आणि जप्त झालेले शस्त्र व वाहन सरकारच्या मालकीचे होते. दुचाकीवरून छऱ्याची बंदूक घेऊन निघालेल्या मुलांना याची क्वचितच कल्पना असते.

रामटेक तालुक्यातील वनालगतच्या गावांसाठी कलम ३४ विशेष महत्त्वाचे आहे. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्र परवानाधारकाने वन विभागाकडे आपल्या नावाची नोंद करणे बंधनकारक आहे. या पट्ट्यात नवा शस्त्र परवाना द्यायचा झाल्यास मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. राष्ट्रीय उद्यानालाही ही तरतूद लागू आहे. शिवाय लेखी परवानगीशिवाय कोणतेही हत्यार घेऊन अभयारण्यात प्रवेश करता येत नाही.

शेतकऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. रानडुक्कर आणि रोही म्हणजे नीलगाय यांच्याकडून होणाऱ्या पिकांच्या नासाडीने या भागातील शेतकरी जेरीस आलेला असतो. अशा प्रसंगी अधिकृत वन अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने कारवाई करण्याची वाट कायद्यात आहे. पीक नुकसानीची भरपाईही वन विभागाकडून मिळते. परंतु पीक संरक्षणासाठी मिळालेला शस्त्र परवाना म्हणजे वन्यप्राणी मारण्याची मुभा नव्हे. या दोन स्वतंत्र परवानग्या असून एकीवर दुसरीचे काम भागत नाही.

बंदीमागचे कारण पेंचच्या वाघात दडलेले आहे. एका प्रौढ वाघाला वर्षाकाठी चितळाएवढे सुमारे ५० प्राणी लागतात, असे वन्यजीव अभ्यासक मानतात. रानातील हरणे घटली, की वाघ गावातील गुरांकडे वळतो आणि पुढचा संघर्ष गावकऱ्यांच्याच वाट्याला येतो. त्यामुळे चोरून मारलेल्या चितळाची किंमत अखेर एखाद्या गोठ्यातील गाईने चुकवावी लागते.

वय आणि परवाना

शस्त्र कायदा १९५९ नुसार २१ वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीला बंदूक बाळगता येत नाही. मात्र खेळाडू घडावेत यासाठी कायद्याने एक खिडकी उघडी ठेवली आहे. बारा वर्षे पूर्ण केलेला मुलगा किंवा मुलगी प्रशिक्षणासाठी आणि लक्ष्यसरावासाठी प्रौढ प्रशिक्षकाच्या अथवा परवानाधारकाच्या थेट देखरेखीखाली रायफल चालवू शकते. येथे मुभा सरावाची आहे, मालकीची नाही. पंधरा वर्षांच्या मुलाच्या नावाने .२२ रायफलचा परवाना मागण्यास जाणे व्यर्थ होय.

हवेच्या दाबावर चालणाऱ्या रायफलींसाठी शस्त्र नियम २०१६ मध्ये स्पष्ट मर्यादा आखली आहे. नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपर्यंत (.१७७) आणि छऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल, तर परवाना लागत नाही. यांपैकी कोणतीही मर्यादा ओलांडली, की परवाना आवश्यक ठरतो. दुकानात ‘जास्त जोराची’ म्हणून दाखवली जाणारी ५.५ मिलिमीटर व्यासाची (.२२) एअरगन त्यामुळे परवान्याच्या कक्षेत येते. खरेदी करताना पालकांची फसगत बहुधा याच ठिकाणी होते. पालकांनी ही वस्तू स्वतःच्या नावाने घ्यावी, पावतीवर मॉडेल, अनुक्रमांक आणि व्यास लिहून घ्यावा व ती पावती जपून ठेवावी.

काडतुसाच्या शस्त्राचा परवाना नागपूर शहरात पोलिस आयुक्तांकडून, तर रामटेकसारख्या ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून दिला जातो. त्यासाठी शस्त्र हाताळणीचे सुरक्षा प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्रही लागते.

घरातील जुनी बंदूक

अनेक घरांत आजोबांच्या नावाची बंदूक कपाटात पडून असते. ती पहिली रायफल म्हणून नातवाच्या हाती देण्याचा मोह होतो. तो टाळावा. परवाना व्यक्तीच्या नावाने असतो, घराच्या नावाने नव्हे. परवानाधारकाचे निधन झाल्यावर वारसाने स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करावा. बाळगण्याचा कायदेशीर अधिकार उरला नसेल, तर शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करणे कायद्याने बंधनकारक आहे.

दुसरे कारण तांत्रिक आहे. वर्षानुवर्षे न वापरलेल्या नळीला आतून गंज चढतो, लाकडी दस्ता वाळून तडकतो आणि जुनी काडतुसे बेभरवशाची होतात. मोठ्या माणसाच्या मापाने घडवलेली ती जड बंदूक मुलाच्या खांद्याला बसतही नाही.

मग पहिली रायफल कोणती?

नेमबाजी प्रशिक्षणाचा सर्वमान्य आरंभबिंदू म्हणजे ४.५ मिलिमीटर व्यासाची एअर रायफल. ऑलिम्पिकमधील १० मीटर एअर रायफल प्रकारातही हाच व्यास असतो. दहा मीटरवरील लक्ष्यातील दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. स्पर्धेत उभे राहून ६० नेम साधायचे असतात आणि प्रत्येक नेमाला जास्तीत जास्त १०.९ गुण मिळतात. आवाज बेताचा, धक्का जवळपास नाही आणि छरे स्वस्त. त्यामुळे मुलाला बंदुकीची भीती न बसता श्वास, मुद्रा आणि चापावरील बोट यांवर लक्ष देता येते.

हवेचा दाब निर्माण करण्याच्या पद्धतीनुसार या रायफलींचे तीन प्रकार पडतात.

स्प्रिंगची रायफल : नळी मोडून खाली दाबली, की आतील स्प्रिंग दाबली जाते. किंमत सर्वांत कमी आणि देखभाल सोपी. मात्र चाप ओढल्यावर आतील दट्ट्या पुढे धावतो आणि रायफल हादरते, त्यामुळे अचूकता साधायला वेळ लागतो. नळी दाबायला ताकदही लागते. बारा वर्षांच्या मुलाला ती स्वतः दाबता येते का, हे दुकानातच पाहावे. अशी रायफल छऱ्याविना चालवू नये, आतील दट्ट्याला इजा होते.

एका दाबाची रायफल : बाजूचा दांडा एकदा ओढून हवा भरायची असते. स्प्रिंगचा हादरा नाही, सिलिंडरची कटकट नाही. मात्र प्रत्येक नेमापूर्वी दांडा ओढावा लागत असल्याने लहान मूल लवकर थकते.

सिलिंडरची रायफल : तिला ‘पीसीपी’ असेही म्हणतात. नळीखालील सिलिंडरमध्ये आधीच दाबाखाली हवा भरलेली असते. हादरा जवळजवळ नसल्याने आज स्पर्धांमध्ये हिचेच राज्य आहे. वाल्थर, फाइनवेर्कबाउ, आन्शुट्झ, स्टायर या युरोपीय कंपन्यांच्या रायफली नामांकित असल्या, तरी त्यांची किंमत लाखांच्या घरात जाते. प्रिसीहोलसारख्या भारतीय उत्पादकांमुळे तुलनेने स्वस्त पर्यायही उपलब्ध झाले आहेत. या प्रकारात सिलिंडरची मुदत तपासणे अत्यावश्यक आहे. साधारणपणे ती दहा वर्षांची असते. जुनी रायफल विकत घेताना सिलिंडरवरील तारीख न पाहणे धोक्याचे ठरते.

पहिले सहा महिने मात्र काहीच विकत न घेणे सर्वांत शहाणपणाचे. बहुतेक क्लबांमध्ये प्रशिक्षणासाठी रायफली असतात. मुलाचे शरीर वाढते आहे आणि आवड टिकते की नाही, हे कळायला तेवढा काळ द्यावा लागतो.

अंगाला बसणारी रायफल

शाळेचा गणवेश पुढच्या वर्षीही चालावा म्हणून एक माप मोठा घेण्याची आपल्याकडे रीत आहे. रायफलीच्या बाबतीत ती रीत घातक ठरते. मोठ्या मापाची रायफल धरण्यासाठी मूल कंबर मागे टाकते, मान ताणते आणि चुकीची मुद्रा अंगवळणी पडते. ती सवय पुढे मोडणे प्रशिक्षकालाही जड जाते.

दस्त्याची लांबी : दस्त्याच्या टोकापासून चापापर्यंतचे अंतर हे सर्वांत महत्त्वाचे माप. प्राथमिक अंदाजासाठी कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचे टोक कोपराच्या खोबणीत टेकवावे आणि तर्जनी चापापर्यंत सहज पोहोचते का, ते पाहावे. पोहोचत नसेल, तर दस्ता लांब आहे. दस्त्याची लांबी व गालाची पट्टी खालीवर करता येणारी रायफल मुलाबरोबर काही वर्षे ‘वाढते’, म्हणून ती थोडी महाग पडली तरी परवडते.

वजन : स्पर्धेच्या नियमानुसार एअर रायफलीचे वजन ५.५ किलोपर्यंत असू शकते. लहान मुलाला एवढा भार पेलत नाही. नेमबाजीच्या मुद्रेत मिनिटभर धरल्यावर नळीचे टोक डोलू लागले किंवा खांदे वर चढले, तर रायफल जड आहे असे समजावे. आरंभी टेकू देऊन सराव करण्यात कमीपणा नाही.

डोळा : उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाचा प्रबळ डोळा डावा असू शकतो. दोन्ही हात पुढे करून तळव्यांच्या मधल्या लहानशा फटीतून दूरची वस्तू पाहावी आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला वस्तू दिसत राहते, तो प्रबळ. रायफल डाव्या की उजव्या खांद्याची घ्यायची, हे प्रशिक्षकाच्या सल्ल्याने यावरून ठरवावे. चष्मा असल्यास नेत्रतज्ज्ञाला नेमबाजीची कल्पना द्यावी.

नेम धरण्याची साधने : दुर्बीण लावलेली रायफल मुलांना आकर्षक वाटते. परंतु १० मीटर एअर रायफल स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. तेथे मागील बाजूस बारीक छिद्राची चकती आणि पुढे वर्तुळाकार माशी असते. खेळाच्या दृष्टीने पाहणाऱ्यांनी सुरुवातीपासून याच साधनावर सराव करावा.

छरे : कागदी लक्ष्यासाठी चपट्या तोंडाचे छरे घ्यावेत. ते कागदाला गोल, स्वच्छ छिद्र पाडतात आणि गुण मोजणे सोपे जाते. छरे शिशाचे असतात. सरावानंतर साबणाने हात धुतल्याखेरीज काहीही खाऊ नये.

शक्तीचा हिशेब

‘एअरगनने हरिण पडेल का?’ असे मुले विचारतात. त्याचे उत्तर आकड्यांत देता येते. स्पर्धेच्या एअर रायफलीतून सुटलेल्या छऱ्याची ऊर्जा सुमारे ७ ते ८ ज्यूल असते. .२२ काडतुसाची ऊर्जा १४० ज्यूलच्या आसपास, तर हरणाच्या शिकारीसाठी परदेशांत वापरल्या जाणाऱ्या .२४३ विंचेस्टर काडतुसाची सुमारे २,६०० ज्यूल असते. छऱ्याने हरिण पडत नाही, जखमी होते. शिसे अंगात घेऊन ते झाडीत शिरते आणि जखम चिघळून दिवसेंदिवस तडफडत राहते. कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी यात पराक्रम कोणता, हा प्रश्न उरतोच.

अमेरिकेतील अनेक राज्यांत हरणांची शिकार कायदेशीर आहे आणि तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांच्या कानावर शाळेतील मित्रांकडून हा विषय येतो. तेथे परवाना, ठरलेला हंगाम आणि शिकारींच्या संख्येची मर्यादा पाळावी लागते. टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारी प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम लागू आहे. नवख्या मुलासाठी तेथील जाणकार १९५५ पासून प्रचलित असलेले .२४३ विंचेस्टर, त्यानंतरचे ७ मिमी-०८ किंवा २००७ मध्ये आलेले ६.५ क्रीडमूर या काडतुसांची रायफल सुचवतात. कारण खांद्याला बसणारा धक्का. .२४३ चा धक्का .३०-०६ या मोठ्या काडतुसाच्या जवळपास निम्मा असतो. धक्क्याला घाबरलेले मूल चाप ओढताना डोळे मिटते, नेम हुकतो आणि प्राणी केवळ जखमी होतो. म्हणून तेथेही आखूड दस्ता, हलका धक्का, कानांना संरक्षण आणि आधी .२२ वर कागदी लक्ष्याचा सराव, असाच क्रम सांगितला जातो. थोडक्यात, शिकार जेथे कायदेशीर आहे तेथेही सुरुवात कागदापासूनच होते.

सुरक्षिततेचे पाठ

एअर रायफल म्हणजे खेळणे नव्हे. दहा मीटरवरून सुटलेला छरा डोळा कायमचा निकामी करू शकतो. पुढील नियम मुलाला रायफल हाती देण्यापूर्वी पाठ असावेत.

रायफल नेहमी भरलेलीच आहे असे समजून हाताळावी. जे उद्ध्वस्त करायचे नाही, त्याच्याकडे नळीचे तोंड कधीही वळवू नये. नेम पक्का होईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे. लक्ष्याच्या मागे काय आहे, याची खात्री केल्याशिवाय चाप ओढू नये. .२२ ची गोळी दीड किलोमीटरहून अधिक अंतर जाऊ शकते, हे ध्यानात ठेवावे.

सराव संपताच रायफल रिकामी करून तीत सुरक्षा दोरी घालावी. स्पर्धांमध्येही ठळक रंगाची अशी दोरी बंधनकारक असते. रायफल आणि छरे वेगवेगळ्या ठिकाणी, कुलपात ठेवावेत. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा. प्रवासात रायफल बंद पेटीत न्यावी, खांद्यावर लटकवून गावातून मिरवू नये. गच्चीवर, परसात किंवा शेताच्या बांधावर पोपट-कबुतरांवर ‘हात साफ’ करणे पूर्णतः वर्ज्य.

अरुणाचल प्रदेशात पक्ष्यांची बेसुमार शिकार थांबवण्यासाठी २०२१ मध्ये एअरगन स्वेच्छेने सरकारजमा करण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. निरुपद्रवी वाटणारी ही वस्तू चुकीच्या हाती किती हानी करू शकते, याचे हे उदाहरण होय.

शिकायचे कुठे?

रामटेकच्या विद्यार्थ्यासाठी सर्वांत जवळचा मार्ग राष्ट्रीय छात्र सेनेचा आहे. शाळा-महाविद्यालयातील छात्रांना .२२ रायफलीचा नेमबाजी सराव दिला जातो. नागपूर-रामटेक मार्गावरील कामठी येथे तर छात्र सेनेच्या अधिकाऱ्यांना घडवणारी प्रशिक्षण अकादमी आहे. ऑलिम्पिकपटू अंजली भागवत यांची नेमबाजीशी पहिली ओळख छात्र सेनेतच झाली, हे उल्लेखनीय.

क्लब निवडताना तो जिल्हा संघटनेमार्फत महाराष्ट्र रायफल असोसिएशनशी आणि पर्यायाने १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल असोसिएशनशी संलग्न आहे का, ते विचारावे. संलग्न क्लबच्या खेळाडूलाच राज्य व राष्ट्रीय स्पर्धांची दारे उघडतात. प्रशिक्षकाची पात्रता, एका प्रशिक्षकामागे मुलांची संख्या, गोळीबाराच्या रेषेवरील शिस्त आणि छरे अडवणाऱ्या भिंतीची व्यवस्था पालकांनी स्वतः पाहावी. एक तास मागे उभे राहून निरीक्षण केले, तरी क्लबचा दर्जा ध्यानात येतो.

या वाटेने कुठवर जाता येते, याचे दाखले महाराष्ट्रात विपुल आहेत. अंजली भागवत यांनी २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये १० मीटर एअर रायफलची अंतिम फेरी गाठली. सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण मिळवून विश्वविक्रमाशी बरोबरी साधली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या ठरल्या. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरो येथे अवघ्या अठराव्या वर्षी १० मीटर एअर रायफलचे विश्वविजेतेपद मिळवले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकावले. राधानगरी हा दाजीपूरच्या गवा अभयारण्याचा तालुका. जंगलालगतच्या गावातील मुलाच्या हाती रायफल आली, की तिचे तोंड रानाकडेच वळले पाहिजे असे नाही, हे स्वप्नीलने दाखवून दिले.

खरेदीपूर्वीची उजळणी

मुलाने बारा वर्षे पूर्ण केली आहेत का? त्याने किमान काही महिने क्लबच्या रायफलीवर सराव केला आहे का? निवडलेली रायफल ४.५ मिलिमीटर आणि २० ज्यूलच्या मर्यादेत आहे का? दस्ता त्याच्या हाताच्या मापाचा आहे का? सिलिंडरची मुदत, दुरुस्तीची सोय आणि सुट्या भागांची उपलब्धता तपासली का? घरी कुलपाची व्यवस्था आहे का? रायफलीबरोबरच छरे, जाकीट, हातमोजा, बूट आणि सरावाचे शुल्क यांचा वर्षभराचा खर्च मांडला आहे का? आणि शेवटचा प्रश्न, मुलाला रायफल कशासाठी हवी आहे, हे त्याच्या तोंडून ऐकले आहे का? या सर्व प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाल्यावरच दुकानाची पायरी चढावी.

रामटेक ही कालिदासाच्या स्मृतीने पावन झालेली भूमी. येथील रामगिरीवरच ‘मेघदूत’ सुचले, अशी परंपरागत श्रद्धा आहे. त्याच कालिदासाच्या ‘शाकुंतल’ नाटकाचा प्रारंभ हरणामागे रथ पिटाळणाऱ्या दुष्यंत राजापासून होतो. आश्रमातील तापस त्याला अडवतात आणि चढवलेला बाण राजा खाली उतरवतो. धनुर्विद्येत निष्णात असलेल्या राजाला त्यात कमीपणा वाटला नाही. पेंचच्या काठी राहणाऱ्या नवोदित नेमबाजाला पहिली रायफल देताना पालकांनी ही कथाही सांगावी. नेम कागदावरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर धरायचा आणि पाणवठ्यावरचे चितळ दुर्बिणीतून पाहायचे, एवढे त्याला उमगले, तर निवड योग्य झाली असे समजण्यास हरकत नाही.